स्प्रिंग तुटलीय, दरवाजा नाही!

काल सकाळी, ऐन निघायच्या घाईत, बटण दाबलं आणि गॅरेजमधून असा धाडकन आवाज आला की झोपलेली पोरंही उठून धावत आली. दरवाजा वीतभर उचलला गेला आणि अडकला. वर बघितलं तर दरवाजाच्या वरच्या आडव्या दांड्यावरची, म्हणजे शाफ्टवरची, डावी स्प्रिंग मधोमध तुटलेली, दोन तुकड्यांमध्ये चांगलं दोन-तीन बोटांचं अंतर. गाडी आत. दिवस वाया.

दुपारी मेकॅनिक आला. वर नजर टाकली न टाकली आणि निकाल दिला, "मोटर गेलीय. दरवाजाही जुना झालाय, सगळा सेटच बदलून टाका." अरे, स्प्रिंग डोळ्यांसमोर तुटून पडलीय आणि तू मोटर कसली बदलतोस? दरवाजाचं वजन मोटर पेलते का? वजन स्प्रिंग पेलते, मोटर नुसती ओढते! मी बोट दाखवून हे सांगितलं, तर म्हणतो, "ताई, हे तुम्हाला नाही कळायचं. घरात दुसरं कोणी आहे का बोलायला?"

नाही! दुसरं कोणी नाही! दरवाजा माझा, पैसे माझे, बोलायचं ते माझ्याशी बोल.

मग तोंड वाकडं करून शिडी लावली आणि म्हणाला, तुटलेली तेवढी बदलतो. इथेच माझं डोकं फिरलं. दोन वर्षांपूर्वी उजवी तुटली तेव्हा आलेल्या माणसाला मी हात जोडून सांगितलं होतं की दोन्ही बदला. साधारण स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार वेळा उघडझाप, एवढंच. दिवसातून चारदा धरलं तर सात वर्षंही होत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या, एक गेली म्हणजे दुसरीचेही दिवस भरत आलेले. "दुसरी चांगली आहे की," म्हणाला आणि गेला. ही तीच "चांगली" स्प्रिंग! त्याच्या हलगर्जीपणामुळे येण्याजाण्याचे आणि मजुरीचे पैसे मी दोनदा भरायचे. वर त्या 'लाइफटाइम वॉरंटी'त स्प्रिंग फुकट, मजुरी नाही. खर्च असतो तो मजुरीचाच, मग ती वॉरंटी काय चाटायची?

तर हा शिडीवर चढला आणि शेजारची ताणलेली स्प्रिंग सैल करायला खिशातून काय काढलं? स्क्रू-ड्रायव्हर! पीळ सोडायच्या पोलादी सळया असतात, त्या स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात नेमक्या बसतात, म्हणून हातातून सुटत नाहीत. सात-साडेसात वेढ्यांचा ताण असतो त्या स्प्रिंगमध्ये. स्क्रू-ड्रायव्हर सटकला तर मनगट मोडतं, दात पडतात, डोळा जातो. आणि हा बरोबर तिच्यासमोर तोंड करून उभा. मी ओरडूनच खाली उतरवलं. व्हिडिओ टाकणारेही हेच शिकवतात, 'घरच्या घरी वीस मिनिटांत'. संताप होतो बघून. कुणाचा तरी हात जाईल तेव्हा ते येणार आहेत का?

उतरला, व्हिजिटचे पैसे मागितले, घेतले, गेला. मोजमाप काही घेतलं नाही. मोजल्याशिवाय हा कुठली स्प्रिंग आणणार होता? घरातले तेवढ्यात परत रिमोट दाबून बघतायत, "आता चालतंय का?" दाबू नका रे! स्प्रिंग नसताना मोटर ओढायला लावली तर आतला गिअर झिजतो, मग खरंच मोटर बदलावी लागेल.

शेवटी तुटलेल्या स्प्रिंगचं माप मीच घेतलं. वीस वेढ्यांची लांबी, आतला व्यास, पूर्ण लांबी. तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या दोघांनी काही न विचारता नवा दरवाजाच सुचवला. तिसऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "डावा पीळ की उजवा?" आणि दुसरा, "दोन्ही बदलायच्या ना?"

उद्या सकाळी त्यालाच बोलावलंय.