तीन लाखांचा आकडा मी का गाळला

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली सविस्तर आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. बंगालच्या उपसागरातल्या शरदातल्या चक्रीवादळांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. १७३७ च्या कलकत्त्याच्या वादळातले तीन लाख बळी मी गाळले, त्याच रात्रीचा भूकंप उडवून लावला, आणि मे महिन्यातली वादळं सोडून सगळं खापर ऑक्टोबर-नोव्हेंबरवर फोडलं. शेवटचा आक्षेप बराचसा मान्य. पहिले दोन नाहीत.

११ ऑक्टोबर १७३७ च्या रात्री हुगळीच्या मुखाशी भयंकर वादळ आलं, यात वाद नाहीच. प्रश्न तीन लाखांचा आहे. हा आकडा लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुढच्या वर्षी छापून आलेल्या वृत्तातला. त्यात म्हटलंय की वीस हजार लहानमोठी जहाजं आणि होड्या गेल्या, पाणी चाळीस फूट चढलं, भूकंप झाला, आणि चर्चचा मनोरा न मोडता उभाच्या उभा जमिनीत खचला. खरं सांगायचं तर मनोऱ्यापाशी येईपर्यंत माझाही विश्वास बसत चालला होता.

याच्या शेजारी कलकत्त्यातला कागद ठेवा. थॉमस जोशुआ मूर हा ईस्ट इंडिया कंपनीसाठी तिथे कर गोळा करायचा. त्याच्या अहवालात मृतांची संख्या तीन हजार आहे. कंपनीनं आकडा दडपला असेल, असं तुम्ही म्हणता. असेलही. पण आपल्या हद्दीत किती माणसं उरली, हा कर गोळा करणाऱ्याच्या रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. शिवाय तेव्हा शहराची वस्ती वीस हजारांच्या वर नसावी असा अंदाज आहे. आकडा साऱ्या मुखाकडच्या गावांचा धरायचा, तर ती माणसं मोजली कोणी? भूकंपाचं म्हणाल, तर रॉजर बिल्हॅम या भूकंपशास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रं तपासून १९९४ मध्ये सविस्तर लिहिलंय. वादळाला पुरावा आहे, भूकंपाला भरवशाचा आधार नाही. तरीही सर्वांत प्राणघातक भूकंपांच्या याद्यांत ही रात्र वर्षानुवर्षं मिरवत राहिली.

आकडा कमी केला म्हणजे मेलेल्यांचा अपमान केला, हे तुमचं वाक्य मला लागलं. पण या किनाऱ्याला फुगवलेल्या आकड्याची गरज कधी पडली? ५ ऑक्टोबर १८६४ ला त्याच कलकत्त्यावर वादळ आलं तेव्हा बळी साठ हजारांच्या घरात गेले, आणि पुढच्याच वर्षी बंदरासाठी इशारे द्यायची सोय सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १८७६ ला आताच्या बांगलादेशातल्या बाकरगंजमध्ये सुमारे एक लाख माणसं बुडाली आणि मागाहून पटकी व उपासमारीनं जवळपास तितकीच गेली.

मग १२ नोव्हेंबर १९७०, आताच्या बांगलादेशाच्याच किनाऱ्यावरचं भोला चक्रीवादळ. कमीत कमी तीन लाख माणसं. नंतर पाहणीला गेलेल्या डॉक्टरांना वाचलेल्या लोकांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सारख्याच जखमा दिसल्या. कातडी सोलून निघालेली. पाणी ओसरेपर्यंत ही माणसं झाडाच्या खोडाला मिठी मारून होती. वाचलेल्यांत धडधाकट पुरुष जास्त होते, कारण तासन्‌तास मिठी टिकवायची ताकद पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातात नव्हती.

१८७६ आणि १९७०, दोन्ही वेळा पौर्णिमेची भरती होती. वारा घरं पाडतो, पण इथे माणसं मारतं ते पाणी. उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होतो, तळ उथळ होत जातो, आणि वादळानं ढकललेल्या पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. त्यात भरतीची वेळ गाठली की संपलंच.

शरदच का, तर ऐन पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे इतक्या वेगळ्या दिशांना वाहतात की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. ऑक्टोबरमध्ये मोसमी वारे माघारी जातात, ही ओढाताण कमी होते, आणि समुद्र अजून तापलेलाच असतो.

पण पावसाळ्याआधीही नेमकी अशीच फट सापडते, आणि इथे तुमचं बरोबर आहे. २९ एप्रिल १९९१ ला बांगलादेशात सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली, मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळानं म्यानमारमध्ये तसाच अनर्थ केला. लेख लिहिताना मी शरदाच्या प्रेमात वाहवत गेलो.

‘आकड्यांचा कीस कशाला काढता’ असंही तुम्ही विचारलंय. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ ताशी २६० किलोमीटरच्या वाऱ्यासह आलेल्या वादळानं सुमारे दहा हजार बळी घेतले. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन त्याच राज्यात गोपालपूरला धडकलं, तेव्हा आधीच सुमारे दहा लाख लोक हलवले होते आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत काय कमावलं, हे कळतं ते दोन्ही आकडे नीट मोजलेले आहेत म्हणून. १७३७ चे तीन लाख या रांगेत कुठे बसवायचे?

लेखात ‘शरदातच’ होतं तिथे आता ‘शरदातही’ केलंय, आणि १९९१ व नर्गिसवर एक परिच्छेद घातलाय. १७३७ चा परिच्छेद आहे तसाच आहे.