मादी झाड ‘नर’ होत नाही: जांभळ्या भुकटीच्या फुलाबद्दल पसरलेले गैरसमज

पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध जांभळट-काळी भुकटी. रानफुलाच्या या फोटोखाली एक मजकूर फिरतोय: ‘ही बुरशी मादी झाडाला नर बनवते, मग झाड मारून टाकते. आता ती गहू-मक्यावर उतरणार. किडे ती पसरवतात, म्हणून दिसताच कीटकनाशक फवारा.’ फोटो खरा आहे, मजकूर बहुतांशी चुकीचा आणि फवारणीचा सल्ला घातक.

फूल आहे ‘सायलीन लॅटिफोलिया’चं, बुरशी मायक्रोबॉट्रियम. या वनस्पतीत नर-मादी झाडं वेगवेगळी असतात आणि माणसासारखीच एक्स-वाय गुणसूत्रं लिंग ठरवतात. बुरशी लागली तरी मादीची गुणसूत्रं एक्स-एक्सच राहतात. एरवी मादी फुलात पुंकेसरांची (पराग तयार करणाऱ्या नर भागांची) वाढ कोवळेपणीच थांबते. बुरशी ती पुढे सुरू ठेवते आणि बीजांडकोश (बी धरणारा भाग) खुरटवते. म्हणून फूल वरवर नरासारखं दिसतं. पण परागकोशाला बोट लावून बघा. निरोगी नर फुलातून फिकट पिवळे परागकण लागतील, इथे बोट जांभळं होईल. ते बुरशीचे बीजाणू (बुरशी पसरवणारे बारीक कण) आहेत, त्यात पराग नाहीत. ज्याच्याकडे पराग नाहीत त्याला नर कसं म्हणायचं? नर झाडाला लागण झाली तर त्याचेही पराग जाऊन तीच भुकटी येते. दोघंही वांझ होतात.

झाड मारून टाकते, हेही खरं नाही. झाड मेलं तर फुलं कुठली आणि बीजाणू तरी कुठून येणार? लागण झालेली झाडं सहसा जगतात, बुरशी हिवाळाभर मुळाशी टिकते आणि पुढच्या हंगामात नव्या कळ्यांत शिरते. लागण झालेली मादी निरोगी मादीपेक्षा जास्त फुलं देते, कारण फळं धरण्यात तिची ताकद खर्च होत नाही. एवढा काटेकोर कब्जा मी दुसऱ्या कुठल्या रोगात पाहिलेला नाही.

गहू-मक्याची भीती बाळगू नका. पिकांवर काळी भुकटी आणणाऱ्या काणी रोगासारखी ही दिसते, पण वंशाने तांबेरा रोगाच्या बुरशींना जवळची आहे. हिच्या जाती आपापल्या यजमानाला (ज्या झाडावर जगतात त्याला) धरून राहतात, आणि यातली बहुतेक यजमान झाडं कार्नेशनच्या कुळातली.

किड्यांचा मुद्दा तेवढा बरोबर आहे. पतंग, भुंगे, माश्या एका फुलावरून दुसऱ्यावर बीजाणू नेतात. शिवाय खाली सांडलेले बीजाणू जवळच्या रोपांनाही लागण करतात. पण किडे मारले की निरोगी मादीलाही पराग मिळत नाहीत आणि बी धरत नाही. बुरशी तर झाडाच्या आत असते, तिथे कीटकनाशकाचा काय उपयोग? बागेत हा रोग नको असेल तर जांभळं फूल दिसताच झाड मुळासकट काढा, तेही भुकटी उधळायच्या आत.