निवृत्तीच्या अहवालाने भागत नाही

अनुभवी कर्मचाऱ्याचं ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून निवृत्तीआधी त्याच्याकडून अहवाल लिहून घ्यावा, असं एका लेखात म्हटलंय. तेवढ्याने भागत नाही. 1970च्या दशकात विज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी ब्रिटनमधल्या टीईए लेझर (वायूवर चालणारा एक प्रकारचा लेझर) बांधणाऱ्या प्रयोगशाळा पाहिल्या. नुसत्या शोधनिबंधावरून तो लेझर कुणालाच चालवता आला नाही. ज्यांचा आधी जमलेल्यांशी थेट संपर्क होता, त्यांनाच जमला. कपॅसिटरपासून (वीज साठवणाऱ्या भागापासून) इलेक्ट्रोडपर्यंतची तार आखूडच लागते, असल्या गोष्टी हाताला माहीत असतात, कागदाला नाही.

म्हणून किमान 3 महिने आधी नवा माणूस शेजारी बसवा. आधी जुन्याने काम करायचं, नव्याने टिपायचं. मग नव्याने फक्त टिपण वाचून करायचं, जुन्याने हात न लावता बघायचं. ‘अहो, तसं नाही’ हे जिथे जुन्याच्या तोंडून निघेल, नेमकी तीच ओळ टिपणात सुटलेली असते. ती लगेच लिहा, कारणासकट. आणि टिपणातले फसलेले प्रयोग खोडू नका.