इक्वलायझर वापरणं म्हणजे गाण्यात ढवळाढवळ नाही

हेडफोनला इक्वलायझर (आवाजातले खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) लावते म्हटलं की कोणीतरी हमखास म्हणतं, कलाकाराने जसं रेकॉर्ड केलंय तसंच ऐकावं ना, मधे आपण कशाला हात घालायचा. मला हे बिलकुल पटत नाही, कारण तसंच्या तसं आपण कोणीच ऐकत नसतो. मिक्सिंग (गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) बहुतेक वेळा स्पीकरवर होतं, आपल्या हेडफोनचा स्वतःचा वेगळा रंग असतो आणि वर प्रत्येकाच्या कानाची घडणही निराळी. कानाची नळीच साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास आवाज उचलून धरते, आणि तो उंचवटा माणसागणिक थोडा इकडे तिकडे सरकतो. मग मूळ आवाज म्हणजे नक्की कोणाचा?

माझ्या हेडफोनवर स आणि श टोचायचे. अर्ध्या तासात कान शिणायचे आणि मी रेकॉर्डिंगलाच दोष द्यायचे. मग एकदा पॅरामेट्रिक इक्वलायझर उघडला, म्हणजे ज्यात सुरांचा प्रत्येक पट्टा (बँड) कुठे, किती रुंद, किती वर-खाली हे आपण ठरवतो, त्यातला एक बँड अगदी अरुंद केला, ६ डीबी (डेसिबल) वर उचलला (व्हॉल्यूम आधी कमी करून, नाहीतर कान जातील) आणि ४००० हर्ट्झपासून हळूहळू पुढे सरकवत नेला. ७२०० ला पोचले आणि गायिकेचा प्रत्येक स सुईसारखा आत गेला. सापडलं! तिथेच तो बँड उलटा ४ डीबी खाली ओढला. तेच गाणं, तोच हेडफोन, आणि दोन तास झाले तरी काढावासा वाटेना.

बेसचं मात्र मी आधी सगळ्यांसारखंच केलं होतं. डग्गा नीट ऐकू येत नाही म्हणून ६० हर्ट्झला ८ डीबी चढवले आणि आवाज फाटायला लागला. डिजिटल सिग्नलला वरून छत असतं, त्याच्या पुढे गेलं की लहर कापली जाते, म्हणून जेवढं वाढवाल निदान तेवढा प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) खाली घ्यायचा, ८ वाढवले तर वजा ८. पण खरी गोष्ट नंतर कळली, डग्गा कमी नव्हताच, २५० च्या आसपासचा गदळा आवाज त्याच्यावर बसला होता. तिथे फक्त ३ डीबी कमी केले आणि डग्ग्यावर मनगट घासत नेल्यावर येतो ना तो घुमारा, तो अख्खा ऐकू आला. तेव्हापासून माझं ठाम मत, आधी काय कमी करता येईल ते बघा, वाढवायचं नंतर. आणि तुलना करताना दोन्हीकडे व्हॉल्यूम सारखा ठेवा, कारण जे मोठ्याने वाजतं ते आपल्याला चांगलंच वाटतं.

ॲपमधले रॉक, पॉप, जॅझ असे तयार प्रीसेट मला पटत नाहीत. अहो, दोष हेडफोनमध्ये आहे, गाण्याच्या प्रकारात नाही, मग गाणं बदललं की दुरुस्ती का बदलायची? त्यापेक्षा ऑटोइक्यू या साइटवर तुमच्या मॉडेलच्या मोजमापावरून काढलेलं सेटिंग मिळतंय का बघा, सुरुवात म्हणून ते उत्तम. त्यातलं बरंचसं हरमन या ऑडिओ कंपनीच्या कर्व्हकडे (कुठला सूर किती मोठा असावा याचा आलेख) झुकलेलं असतं, आणि तो कर्व्हसुद्धा लोकांना ऐकवून, त्यांची पसंती विचारूनच बनवलाय, त्यातही कोणाला बेस जास्त हवा होता कोणाला कमी. म्हणजे आवड तिथेही आलीच.

सगळंच इक्वलायझरने होतं असं नाही हं. जो ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) ३० हर्ट्झ नीट देऊच शकत नाही त्याला कितीही ढकला, नुसती खरखर वाढेल.

माझ्या सेटिंगमध्ये आता चारच बँड आहेत आणि वर्षभर त्यांना हात लागलेला नाही. फक्त रात्री हळू आवाजात ऐकताना बेस ३ डीबी वर घेते, कारण आवाज कमी झाला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. सकाळी परत खाली.