बॅच नव्हे, सेटिंग छोटं करा
‘सेटिंगचा (नव्या जॉबसाठी मशीन जुळवण्याचा) वेळ वाचवायचा तर बॅच मोठी घ्या’ असा सल्ला एका लेखात वाचला; तो कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपना महागात पडेल. कास्टिंगमधला (ओतीव भागातला) ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून झालेली पोकळी, बऱ्याचदा बोअर मारल्यावरच (आतलं भोक कापल्यावरच) दिसतो. 50 नगांची बॅच असेल तर फाउंड्रीला (ओतकाम करणाऱ्या कारखान्याला) वेळेत कळतं. 500ची असेल तर तोवर तोच दोष घेऊन सगळा माल ओतून झालेला असतो!

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात 1,000 टनी प्रेसचं सेटिंग 4 तासांवरून 3 मिनिटांवर आणलं, ते मशीन चालू असतानाच पुढची तयारी करून. चालू जॉब संपायच्या आत पुढच्याचे इन्सर्ट (कापायची पाती), प्लग गेज (भोक तपासायचं माप), पाने ट्रॉलीवर मांडा. सॉफ्ट जॉना (चकमध्ये जॉब पकडणाऱ्या मऊ जबड्यांना) नंबर पाडून त्याच क्रमाने बसवा आणि तरीही एक हलका कट माराच, नाहीतर रनआउट येतो (जॉब केंद्राबाहेर फिरतो).