उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचत नाही

"एवढी मोठी गाडी घेतली, आता ॲव्हरेज कशाला विचारतोस?" एसयूव्ही घेतलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याची गाडी कमी देते, त्याला ॲव्हरेज सुधारण्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो. हिशेब करून बघा. महिन्याला २००० किलोमीटर फिरणारी छोटी गाडी १८ वरून २० वर आली, तर ११ लिटर वाचतात. तेवढीच फिरणारी पिकअप किंवा एसयूव्ही १० वरून १२ वर आली, तर ३३ लिटर वाचतात. सुधारणा दोन्हीकडे दोनचीच, पण बचत तिप्पट. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी महिन्याला तीन हजार झाले. मार्केट यार्डात एक पिकअप टाकून घर चालवणाऱ्या माणसाला तीन हजार म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता कंपनीच्या आकड्याबद्दल. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ सालापासून. तिथे किंवा तशा दुसऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवून मायलेज मोजतात. त्या तक्त्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, समोर ना चांदणी चौक ना हिंजवडीची रांग. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. पण सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता तो मिळावा, ही अपेक्षा ठेवून शोरूमशी भांडण्यात अर्थ नाही. आपली गाडी आज जे देते, त्याच्या वर कशी न्यायची ते बघावं.

शहरात डिझेल कुठे जातं? ब्रेकमध्ये. दोन टनांची गाडी ताशी ५० ला आणण्यासाठी जी ऊर्जा लागते ती साधारण १९३ किलोज्यूल. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल असतात. इंजिनने त्यातले तीस टक्के चाकापर्यंत पोचवले असं धरलं, तर पन्नासचा वेग घ्यायला सुमारे १८ मिलिलिटर डिझेल लागतं. पुढचा सिग्नल लाल आहे हे दिसत असताना आपण शेवटपर्यंत रेस देतो आणि मग कचकन ब्रेक मारतो. ते १८ मिलिलिटर डिस्कमध्ये उष्णता होऊन उडून जातं. एका ब्रेकला दीड रुपया. असे पंचावन्न ब्रेक झाले की एक लिटर संपलं. आणि प्रत्यक्षात ट्रॅफिकमध्ये इंजिनला तीस टक्केही जमत नाहीत, त्यामुळे खरा खर्च याहून जास्तच. कर्वे रोडवर कोथरूडहून डेक्कनपर्यंत जाताना मोजून बघा, यातले किती ब्रेक दोनशे मीटर आधी पाय उचलला असता तर लागलेच नसते. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. तोही त्याच सिग्नलला आपल्या शेजारी येऊन थांबणार असतो.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते वेगळं आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करणे, किंवा त्याहून वाईट, इंजिनच बंद करणे.

मी धायरीत राहतो. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा तो सलग उतार आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथे किती अपघात झालेत ते पुण्यात कोणाला सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने एकामागोमाग कितीतरी गाड्या चेपल्या, तेव्हा ट्रक उतारावर इंजिन बंद करून सोडला होता, असं तपासातून पुढे आलं होतं. डिझेल वाचवायला! आणि संतापाची गोष्ट अशी की त्यात डिझेल वाचतच नाही.

आजच्या कुठल्याही इंजेक्शनच्या गाडीत, पेट्रोल असो वा डिझेल, गाडी गिअरमध्ये असताना आपण ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे त्याला डिझेलची गरज नसते. खप शून्य. आरपीएम आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या फेऱ्यांच्या, जवळ आले की इंजेक्टर परत सुरू होतात. याउलट न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजत राहावं लागतं. कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांच्या काळात न्यूट्रलने थोडंफार वाचत असेल. तो काळ जाऊन जमाना झाला, सवय मात्र एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे चालत राहिली.

माझे दाजी पिकअप चालवतात, नारायणगाव-मंचर बाजूने टोमॅटो, भाजी आणि परतीला मिळेल तो माल. त्यांना हे तोंडी सांगून पटेना. शेवटी स्टिअरिंगखाली गाडीच्या कॉम्प्युटरचा जो सॉकेट असतो, त्याला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला आणि मोबाइल डॅशबोर्डवर ठेवला. साताऱ्याकडून रिकामे परत येत होतो. बोगदा संपला, दाजींनी चौथ्या गिअरमध्ये पाय काढला. स्क्रीनवर इंधनाचा आकडा खाली घसरत ०.० झाला आणि तिथेच राहिला. गाडी इंजिनच्या दमावर घरंगळत होती, मधूनच ब्रेकला नुसता पाय लागत होता. न्यूट्रलचा आकडा बघायला उतारावर न्यूट्रल करण्याचा वेडेपणा करायचा नव्हताच. खाली सर्व्हिस रोडला बाजूला घेतली आणि उभ्या गाडीत बघितला: ताशी ०.७ लिटर.

दाजी बराच वेळ मोबाइलकडे बघत होते. मग म्हणाले, "हे ठीक आहे, पण हलका उतार असला की गिअरमध्ये गाडी मंद होते, परत रेस द्यावी लागते. त्याचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. जिथे उतार इतका हलका आहे की गिअरमध्ये गाडीचा वेग कमी होतो, तिथे टॉप गिअरमध्ये पाय अगदी अलगद टेकवून वेग राखायचा. अशा ठिकाणी खप आधीच इतका कमी असतो की न्यूट्रलने पडणारा फरक हिशेबातही येत नाही. आणि जिथे उतार खरा आहे, कात्रज, खंबाटकी, ताम्हिणी, तिथे गाडीला वेग घेण्यापासून अडवावंच लागतं. ते काम गिअरने केलं तर डिझेल शून्य आणि ब्रेक थंड. न्यूट्रलमध्ये तेच काम ब्रेकने करावं लागतं, लायनर तापतात, आणि भरलेल्या गाडीत ते इतके तापतात की पाय दाबूनही पकड येत नाही. इंजिन बंद केलं असेल तर विचारूच नका. ट्रकचा कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेकच्या प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते. पिकअप-एसयूव्हीमध्ये बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, स्टिअरिंग जड होतं. किल्ली चुकून पूर्ण मागे गेली आणि निघाली तर ते लॉकच होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही शंभर टक्के खरी आहे, आणि गंमत म्हणजे ॲव्हरेजच्या दृष्टीनेही तीच बरोबर आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, पण त्यातल्या हवेवर जरा थांबतो. पंपावर हवा भरणारा विचारतो, "किती भरू?" आणि आपण म्हणतो, "भर पस्तीस." किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेलं असतं. पिकअपच्या मागच्या चाकांचा आकडा पुढच्यापेक्षा वेगळा असतो, आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीचाही वेगळा. हवा टायर थंड असताना बघायची. एक्सप्रेस वेवरून तापून आलेल्या टायरमध्ये काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तो बघून "जास्त आहे" म्हणून हवा सोडली, की सकाळी टायर कमी हवेवर उभा. चारही टायरमध्ये हवा कमी असेल तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार दर पीएसआयमागे साधारण ०.२ टक्के इंधन जादा जातं. दहा पीएसआयने बसलेल्या टायरवर दोन टक्के. वर टायर कडेने झिजतात ते वेगळंच, आणि आज एसयूव्हीचा एक टायर काय भावाने येतो ते तुम्हाला माहीत आहे. नायट्रोजन हवा तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठवड्या-पंधरवड्याने मोजलेली फुकटची हवा पुरेशी आहे.

दिसायला रुंद, मोठे, जाड नक्षीचे टायर टाकणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ते टायर रस्त्याला जास्त चिकटतात, म्हणून ओढायला ताकद जास्त लागते. आणि टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर मीटर किलोमीटर पाच टक्के कमी मोजतो. म्हणजे कागदावरचं ॲव्हरेज खऱ्यापेक्षाही खाली दिसतं.

हायवेवर सगळा खेळ वाऱ्याचा. ताशी ८० वरून १०० वर गेलं की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. एसयूव्ही म्हणजे चालती भिंत, तिला हे कारपेक्षा जास्त भोवतं. त्यात टपावरचं कॅरिअर. दिवाळीत कोकणात जाताना सामान बांधलं होतं, ते उतरवलं, पण कॅरिअर जूनपर्यंत टपावरच. अमेरिकेच्या त्याच ऊर्जा खात्याच्या आकड्यांत टपावरच्या मोठ्या पेटीने ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के नुकसान धरलंय. नुसत्या कॅरिअरचं कमी, पण फुकट काहीच नाही. चार बोल्ट काढायला वीस मिनिटं लागतात. पिकअपवाल्यांनी ताडपत्री फडफडणार नाही अशी ताणून बांधावी आणि रिकाम्या गाडीला मागचा फाळका बंद ठेवावा. फाळका उघडा टाकला की वारा मोकळा जातो, ही समजूत आहे. हौदा बंद असला की आत हवेचा भोवरा बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकत जातो.

इंधनाच्या पाइपला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, "वीस टक्के हमखास" म्हणणाऱ्या डब्या, यांवर एक पैसाही घालवू नका. एअर फिल्टर साफ ठेवा, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत त्याने गाडीचा जोर सुधारतो, ॲव्हरेज फारसं नाही. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं टाका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलवाल्यांनी रोज फक्त तीन-चार किलोमीटर गाडी फिरवू नये. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते आणि ती जाळायला गाडी स्वतःच जादा डिझेल घेते. अधूनमधून साताऱ्याच्या दिशेने मोकळी पळवून आणा. पेट्रोलवाल्यांना ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, फटका बसतोय हे खरं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींना ई-२० वर ६ ते ७ टक्के घट धरली होती. ते आपल्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे ते सोडू नये.

शेवटी एक विनंती पिकअप आणि ट्रकच्या मालकांना. ट्रिपला डिझेल मोजून देऊन "वाचेल ते तुझं" असं ड्रायव्हरला सांगितलं, की तो उतारावर न्यूट्रल मारणारच. त्याला तेच शिकवलं गेलंय. बक्षीस जरूर द्या, पण आधी त्याला गिअरमध्ये उतरायला सांगा आणि मोजणी नीट करा. एकाच पंपावर, पहिल्या ऑटोकटपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी परत तसंच. दहा लिटरवर मोजलं तर अर्ध्या लिटरची चूकही पाच टक्के खाते, म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी धरा, आणि भरलेल्या-रिकाम्या फेऱ्यांची नोंद वेगळी ठेवा. दाजींच्या गाडीत आता एक वही आहे, सन-व्हायझरला रबराने अडकवलेली. कोणाला त्या वहीचे रकाने हवे असतील तर कमेंटमध्ये सांगा, फोटो टाकतो.