'इंट लावा आणि पुढे चला': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: मतदानाचं वय तपासणाऱ्या चार ओळींच्या पायथन प्रोग्रॅमसाठी मी अख्खा लेख खर्ची घातला. 'इनपुटला इंट लावा आणि पुढे चला' एवढं सांगून भागलं असतं (इनपुट म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेलं उत्तर, इंट म्हणजे त्याचा पूर्णांक करणारी आज्ञा). कोणी विसरलंच तर पायथन एरर देतो, मग नवख्या मुलांना घाबरवायचं कशाला?

आधी माझी चूक. मी 'वय > १८' लिहिलं होतं, तिथे '>=' (म्हणजे अठरा किंवा जास्त) हवं, हे तुम्ही बरोबर पकडलंत. १९८८ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं आणि माझा प्रोग्रॅम नेमका नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेल्या मतदाराला परत पाठवत होता! लेखात दुरुस्ती केली आहे. ट्राय-एक्सेप्ट (एरर आला तर काय करायचं ते सांगणारी रचना) पहिल्याच लेखात कोंबायला नको होतं, हेही मान्य.

पण 'पायथन एरर देतो' हे अर्धंच खरं आहे. इनपुटमधून आलेलं काहीही स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, असतं; त्यात आकडे असले तरी. स्ट्रिंग आणि आकडा यांच्यामध्ये '>' टाकलंत तर टाइप-एरर येतो, बरोबर. '==' (दोन्ही सारखे आहेत का) टाकलंत तर एरर नाही की काही नाही, मुकाट्याने फॉल्स, म्हणजे 'खोटं'. आणि दोन्ही बाजूंना स्ट्रिंगच असल्या तर '९' हे '१८' पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते, शब्दकोशात असते तशी. (पायथन २ मध्ये तर '>' सुद्धा गप्प बसायचं. तिथे कुठलीही स्ट्रिंग साध्या आकड्यापेक्षा मोठीच, म्हणजे पाच वर्षांचं पोरही मतदार. २००८ साली आलेल्या पायथन ३ ने ही भानगड मिटवली.)

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीने 'ओळखा पाहू आकडा' हा खेळ लिहिला. फक्त 'बरोबर' आणि 'चूक', लहान-मोठा अशी सूचना नाही. एक ते दहा सगळे आकडे देऊन झाले, दहाही चूक. मग तिने कॉम्प्युटरच्या मनातला आकडा आणि आपण दिलेला आकडा दोन्ही प्रिंट करून पाहिले. स्क्रीनवर ७ आणि ७. "सर, कॉम्प्युटर खोटं बोलतोय." प्रिंट अवतरणचिन्हं दाखवत नाही, त्यामुळे दोन्ही सात जुळे भाऊ दिसतात. दोन्हींचा टाइप (प्रकार) छापून पाहिल्यावर एक स्ट्र, म्हणजे स्ट्रिंग, निघाला, एक इंट, म्हणजे पूर्णांक. इंट लावायचं हे तिला पाठ होतं, पण ते का लावायचं हे तिला त्या दिवशी कळलं. लाल अक्षरांतला एरर निदान ओळ क्रमांक तरी सांगतो हो!

शिवाय इंट सगळीकडे कामाला येत नाही. त्याला आजूबाजूच्या स्पेस चालतात, मराठी कीबोर्डवरून दिलेलं '१८' सुद्धा चालतं. पण उत्तर 'हो' असं हवं असेल आणि मोबाइलच्या कीबोर्डने शब्दामागे स्वतःहून स्पेस टाकली, तर 'हो ' आणि 'हो' जुळत नाहीत. स्ट्रिप (पुढच्या-मागच्या स्पेस काढून टाकणारी आज्ञा) लेखात आलं ते त्यासाठी.

राहता राहिली तुम्ही सुचवलेली सुटसुटीत ओळ: इफ उत्तर == 'हो' ऑर 'होय'. पायथन ती '(उत्तर == 'हो') ऑर 'होय'' अशी वाचतो, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग खरीच धरली जाते. एकदा चालवून बघा आणि उत्तरात 'नाही' टाइप करा.